वैशाखातली घोडी

लग्नसराई आणि उन्हाळा यांची आपल्याकडे जुनी जोडी आहे. रानातली कामे उरकलेली, पोरांच्या शाळा सुटलेल्या, मुंबईचे चाकरमानी गावी आलेले. त्यामुळे चैत्र संपता संपता मुहूर्त सुरू होतात ते थेट मृगाचा पाऊस पडेपर्यंत. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले की चेलाडी फाटा लागतो आणि तिथून आत वळले की नसरापूर. बहुतेकांना हे गाव बनेश्वरामुळे किंवा राजगडाच्या वाटेवरचा बाजार म्हणून ठाऊक असते. वैशाखात मात्र या पंचक्रोशीत जिकडे पाहावे तिकडे मांडव दिसतात. कार्यालयांच्या कमानी, बँडवाले, डीजेच्या गाड्या, आणि जवळजवळ प्रत्येक कमानीखाली एक पांढरी घोडी.

गेली काही वर्षे मला एक खोड लागली आहे. वरातीत मी नवरदेवाकडे पाहतच नाही, घोडीकडे पाहतो. नवरदेवाकडे पाहायला दोनशे माणसे असतात. त्याला कोणी रुमालाने वारा घालतो, कोणी सरबत आणून देतो, करवली कपाळावरचा घाम टिपते. तो ज्या पाठीवर बसलेला असतो तिच्याकडे फक्त मोतद्दाराचे लक्ष असते, आणि तोही बिचारा सकाळपासून उपाशी असतो.

आमच्या भागात लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळात जाऊन येतो. त्याला परण्या म्हणतात. मुहूर्त साडेबाराचा असला की परण्या अकराला निघतो आणि अर्ध्या तासाचा रस्ता दीड तासात संपतो, कारण मित्रमंडळींना प्रत्येक चौकात नाचायचे असते. माणसे नाचतात तेव्हा घोडी उभी असते. पायाखाली डांबर, डोक्यावर ऊन, पाठीवर मखमली झूल, तोंडावर झेंडूच्या माळा, कानाशी ताशा. चालणाऱ्या जनावराला निदान थोडा वारा तरी लागतो. उभ्या जनावराला तेवढाही मिळत नाही.

घोड्याच्या अंगात उष्णता किती साठते याची आपल्याला कल्पना नसते. स्नायू काम करतात तेव्हा अन्नातून मिळालेल्या शक्तीचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीत उतरतो, बाकीची सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायला कातडी लागते, आणि जनावर जितके थोर तितकी त्याच्या वजनाच्या मानाने कातडी कमी. ताटलीतला भात लगेच निवतो, हंड्यातला दुपारपर्यंत गरम राहतो, तसाच हा प्रकार. म्हणून आपल्याला जे ऊन नुसते कडक वाटते ते घोडीला सोसवत नाही.

यावर निसर्गाने घोड्याला दिलेला उपाय म्हणजे घाम. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, म्हैस डबक्यात जाऊन बसते. घोडा माणसासारखा घाम गाळतो. दौडीच्या कामात एका तासात दहा लिटरच्या पुढेही घाम जाऊ शकतो. तो आपल्या घामापेक्षा खारट असतो आणि त्यात साबणासारखे काम करणारे एक प्रथिन असते. त्यामुळे तो दाट केसांतून भराभर पसरतो. तंगाखाली आणि मांड्यांच्या फटीत जो पांढरा फेस दिसतो तो याचाच. दुसरी गोष्ट अशी की घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. नाकपुड्यांवर लोंबणाऱ्या फुलांच्या माळा छायाचित्रात शोभतात खऱ्या, पण त्यांच्यामागे एक जनावर श्वासासाठी धडपडत असते.

पांढऱ्या घोड्यांचे आणखी एक दुखणे. लग्नासाठी ज्यांना फार मागणी असते त्या नुकऱ्या घोड्यांची कातडी गुलाबी असते. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्यांभोवती, जिथे केस विरळ असतात तिथे, ती उन्हाने अक्षरशः भाजते. दोन महिने असे गेले की तिथे खपल्या धरतात. वर रंग आणि चमकी लावली की लोकांना दिसत नाहीत, एवढेच.

या भागाचा स्वतःचा घोडा खरे तर निराळा आहे. शिवगंगेचे पाणी शेवटी नीरेतून भीमेलाच मिळते, आणि भीमेच्या काठची ती भीमथडीची तट्टे. ठेंगणी, काटक, चाऱ्याला बेताची. मराठी फौजांनी मुलूख पालथा घातला तो बऱ्याच अंशी यांच्याच पाठीवरून. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२४ साली भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. आज ती प्रामुख्याने धनगरांच्या वाड्यांबरोबर दिसतात. दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा घाटमाथ्याच्या बाजूला मेंढरे घेऊन गेलेले धनगर पावसाच्या तोंडावर पुन्हा देशावर परततात, तेव्हा भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरे आणि कधी कधी लहान पोरे यांच्यासह सगळा संसार या तट्टांच्या पाठीवर असतो. अशाच एका वाड्यातल्या मावशींना मी विचारले, की इतक्या उन्हात हे जनावर टिकते कसे? त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. उन्हात चालवतोय कोण, असे त्यांचे म्हणणे. पहाटे तळ हलवायचा, ऊन चढायच्या आत पुढचा तळ गाठायचा, आणि ओझे उतरल्यावर आधी पाठ मोकळी करायची, मग चूल पेटवायची. पशुवैद्यकाच्या पुस्तकातही याहून वेगळे काही सांगितलेले नाही.

खुद्द शिवछत्रपतींचे एक पत्र या संदर्भात आठवते. ते राज्याभिषेकाच्या सुमाराचे, मे महिन्यातले, चिपळूणजवळ दळवटण्याच्या तळावरच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले आहे. रयतेला त्रास देऊ नका, या आज्ञेसाठी ते प्रसिद्ध आहे. पण त्यात आधी चिंता आहे ती घोड्यांची. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच बेपर्वाईने उडवलेत तर पुढे काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. घोडी वैरणीअभावी मेली असे म्हणून सुटायची सोय त्यात ठेवलेली नाही. ज्याच्या हाती व्यवस्था, त्याच्यावर दोष. राजगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हे पत्र देव्हाऱ्यात ठेवण्यापेक्षा लग्नाच्या याद्या करताना वाचावे.

आता पाण्याविषयी. आमच्याकडे जुनी जाणती माणसे ठामपणे सांगतात, की तापल्या घोड्याला पाणी पाजू नये, पोटात धरते. आणि अंगावर गार पाणी तर मुळीच घालू नये, जनावर आखडते. हे केवळ आपल्याकडचे अडाणीपण असे कोणी समजू नये. युरोप-अमेरिकेतले नाणावलेले घोडेस्वारही पिढ्यान्‌पिढ्या हेच मानत आले होते. या समजाची खरी कसोटी लागली १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी. जॉर्जियातला जुलै म्हणजे ऊन आणि दमटपणा दोन्ही. घोड्यांच्या तीन दिवसांच्या स्पर्धेत जनावरे कोसळतील या भीतीने आधीची काही वर्षे शास्त्रज्ञांनी मुद्दाम प्रयोग केले. उष्ण-दमट हवेत घोड्यांना दमवले, आणि त्यांच्या सर्वांगावर गार पाणी ओतले. स्नायू आखडले नाहीत. ताप मात्र झपाट्याने उतरला. मग स्पर्धेत धावण्याचे अंतर कमी केले, मध्ये विश्रांतीचे जादा थांबे घातले, बर्फाच्या पाण्याची पिंपे आणि तुषार उडवणारे पंखे लावले आणि घोडी सुखरूप परतली. २०२१ च्या उन्हाळ्यात झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही भिस्त गार पाण्यावरच होती.

पद्धत साधी आहे. सावलीत न्यायचे, झूल-खोगीर उतरवायचे, मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत भरपूर पाणी ओतायचे, चार पावले चालवायचे, पुन्हा ओतायचे. ओले पोते पाठीवर टाकून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती मात्र सोडावी. थोड्या वेळात ते पोते गरम होते आणि गोधडीसारखे वाफ कोंडून धरते.

पिण्याच्या पाण्यातही एक गंमत आहे. कामाशिवाय उभ्या असलेल्या घोड्यालाही दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हात राबणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त. पण घामाबरोबर मीठही भरपूर गेल्यामुळे पुष्कळदा त्याला तहानच लागत नाही. बादली पुढे केली, घोडीने तोंड फिरवले, की आपण म्हणतो, तिला नको आहे. तसे नसते. कोंड्यात मूठभर मीठ कालवून दिले, थोड्या थोड्या वेळाने बादली पुन्हा पुढे केली, की ती पिते. पाणी कमी पडले तर पोटातला चारा सुकून अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला वांती करता येत नाही, त्यामुळे त्याचे पोट बिघडले की जिवाशीच खेळ असतो. वरातीत बरी दिसलेली घोडी रात्री लोळून लोळून मरते आणि मांडववाल्यांना पत्ताही नसतो.

बिघाड ओळखायला डॉक्टरच हवा असे नाही. बरगड्यांमागची कूस पाहावी. स्वस्थ घोडा मिनिटाला आठ ते सोळा श्वास घेतो. सावलीत दहा-पंधरा मिनिटे उभे करूनही कूस भात्यासारखी चालू राहिली तर समजावे. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडावी, ती लगेच सपाट व्हायला हवी. हिरडीवर अंगठा दाबून उचलला की पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावा. घोड्याचा नेहमीचा ताप शंभर-एकशे एक अंश फॅरनहाइटच्या आसपास असतो; तो एकशे चारच्या पुढे गेला की थांबायला वेळ नाही. आणि सगळ्यांत फसवी खूण म्हणजे कोरडी कातडी. हिला घामसुद्धा आला नाही, असे कौतुकाने सांगणारे मी ऐकले आहेत. इंग्रजांनी या देशात आणलेल्या घोड्यांपैकी काहींचा घाम इथल्या हवेत बंद पडत असे, आणि ती जनावरे मग उन्हाच्या कामातून बाद होत. भर दुपारी तापलेली आणि कोरडी घोडी म्हणजे घरात आग लागली आहे आणि विहीर आटली आहे. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस धाडावा आणि तो येईपर्यंत पाणी ओतत राहावे.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखाली १९६५ साली ओढकाम आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. दुपारी बारा ते तीन या वेळात जिथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तिथे त्या वेळात जनावर गाडीला जुंपायचे नाही, त्याच्यावर ओझे लादायचे नाही. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको. तट्टाच्या पाठीवरचे ओझे सत्तर किलोंपेक्षा जास्त नको. नवरदेव हा ओझ्यात धरायचा की नाही, हे नियमात लिहिलेले नाही. काही नवरदेव पाहिले की लिहायला हवे होते असे वाटते. त्यात हौसेने पुढ्यात बसवलेला भाचाही असतो.

घोडीवाल्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्याची वर्षाची कमाई या तीन-चार महिन्यांत होते. बाकीचे दिवस कडबा विकत घेऊन घोडी सांभाळायची. त्याने वरातीत म्हटले, की जरा सावलीत घेतो, तर कोणीतरी काका खेकसतात, पैसे मोजलेत, नाचू दे पोरांना. त्यालाही पुढचे गिऱ्हाईक सांभाळायचे असते, तो गप्प बसतो. ज्यांच्या घोड्यांवर लाखो रुपये लागलेले असतात त्यांची गोष्ट वेगळी. मुंबईतल्या शर्यती हिवाळ्यात आणि पुण्यातल्या पावसाळ्यात भरतात. वैशाखाच्या दुपारी ते घोडे सावलीत पंख्याखाली असतात.

तेव्हा जे काही ठरवायचे ते सुपारी देतानाच ठरवावे, आणि ते आपणच ठरवू शकतो. मुहूर्त दुपारचा असला तरी परण्या सकाळी आठ-नऊला निघायला कोणत्याही पंचांगाची हरकत नसते. संध्याकाळची वरात सूर्य पुरता कलल्यावर काढता येते. घोडी किती वेळ आपल्याकडे असेल ते तासांत बोलून घ्यावे, आणि नाचणाऱ्या पोरांना घोडी मांडवात परत पाठवल्यानंतर हवे तितके नाचू द्यावे. झूल पातळ सुती कापडाची सांगावी. थांबलेल्या वेळात तंग सैल करायला मोतद्दाराला कोणी अडवू नये. मांडवाची एक कनात त्या दोघांसाठी बाजूला, डीजेपासून लांब, बांधायला सांगितली तर मांडववाला तिचे वेगळे पैसे लावत नाही, हा माझा अनुभव आहे.

पाण्याची अडचण मात्र खरी आहे. मे महिन्यात शिवगंगेच्या पात्रात डबकी उरलेली असतात आणि कार्यालयात टँकर येतो. तरीही हात धुण्याच्या नळांवर किती पाणी वाहून जाते ते आपण पाहतोच. त्यातली चार-सहा बादल्यांची सोय एका पिंपात आधीच करून ठेवता येते, आणि सरबतासाठी बर्फाच्या लाद्या आलेल्याच असतात. अर्धी लादी त्या पिंपात टाकावी.