तबकडी आणि वाद्यवृंद



शाळेंत शिकवीत असतांना नववीच्या वर्गाला मी वर्षांतून एकदां बीथोव्हेनची पांचवी सिंफनी तबकडीवरून ऐकवीत असें. एके वर्षीं पहिला भाग संपतांच मागल्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, हीं वाजविणारीं माणसें राहतात कोठें? आणि त्यांचें पोट कशावर भरतें?" वर्ग हंसला; मी मात्र निरुत्तर झालों. त्या प्रश्नाचें उत्तर आज देण्याचा विचार आहे.

प्रथम सिंफनी म्हणजे काय तें पाहूं. आपल्या मैफलींत एक गवई तबला, पेटी व तंबोरे एवढ्या साथीवर तासभर रंग भरतो. कारण राग गातां गातांच फुलत जातो. सिंफनी ही मात्र रचनाकारानें आधींच स्वरलिपींत संपूर्ण लिहून ठेविलेली, बहुधा चार भागांची रचना होय. मोठी सिंफनी वाजविण्यास सत्तरपासून शंभरपर्यंत वादक लागतात. त्यांत व्हायोलिन, चेलो यांसारखीं तंतुवाद्यें अधिक. शिवाय बांसरी, क्लॅरिनेट, ट्रंपेट इत्यादि फुंकून वाजविण्याचीं वाद्यें आणि नगारे. वादकांपुढें आपापल्या वाद्यापुरते कागद असतात, आणि सर्वांचा मेळ एक संचालक राखतो. पांचव्या सिंफनीचा आरंभ अवघ्या चार स्वरांचा आहे: तीन आंखूड, एक लांब. हेंच बीज पुढें नाना रूपांनीं कसें परत येतें, तें ओळखणें हा ऐकण्यांतील मोठा आनंद.

जुन्या काळच्या तबकडीला ही रचना फार गैरसोयीची होती. 78 फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेंच मावत. आपल्या गवयांनीं खयाल तेवढ्यांत बसविला; परंतु लिहिलेली सिंफनी आंखडावी कशी? ती तुकडे करूनच मुद्रित करावी लागे. 1913 सालीं आर्थर निकिश यांनीं बर्लिन फिलहार्मोनिककडून पांचवी सिंफनी मुद्रित करविली, ती आठ बाजूंवर. 1925 च्या सुमारास विजेचें ध्वनिमुद्रण व 1948 सालीं लांब वेळाची तबकडी आली, तेव्हां कोठें श्रोत्याची ही अडचण दूर झाली.

माझ्या आवडीची मुद्रिका कार्लोस क्लायबर यांनीं व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह 1974 सालीं केलेली. तिसऱ्या भागाच्या अखेरीस सर्व वाद्यें दबकीं होतात, नगारा हळूंच धडधडत राहतो, आणि मग तोंवर गप्प बसलेले ट्रोंबोन एकदम उठून चौथा भाग उजाडतो. ती जागा मीं कितीदां ऐकली असेन, तरी अंगावर कांटा येतोच.

हा एकजीवपणा एका संचालकाच्या हातवाऱ्यानें येत नाहीं. हा वृंद 1842 पासूनचा आहे. त्यांतील वादक व्हिएन्नाच्या सरकारी संगीत-नाट्यगृहाच्या वृंदांत वेतनावर असतात व वर्षानुवर्षें शेजारीं बसून वाजवितात. त्या मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हें.

उरलेलें अर्धें उत्तर आपल्या मुंबईंत आहे. 1935 सालीं व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनीं तेथें बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापिला. पारशी हौशी वादकांबरोबर त्याला मोठा आधार गोमंतकीयांचा होता. गोव्यांतील गांवोगांवच्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत, म्हणून कागद पाहून वाजविणारे तेथें घडले. परंतु पोटासाठीं त्यांपैकीं बहुतेकांना हॉटेलें व चित्रपटगृहें गांठावीं लागत. सिंफनी उरलेल्या वेळांत! मेहली पुढें मँचेस्टरच्या हॅले वृंदांत व मग अमेरिकेस गेले. त्यांचे पुत्र झुबिन 1954 सालीं व्हिएन्नाला शिकावयास गेले आणि 1978 पासून 1991 पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं 1958 सालीं मुंबईंत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून पाहिला. तोही फार काळ टिकला नाहीं. चित्रपटांचे मोठे वृंद कांहीं दशकें या वादकांना पोशीत होते. पुढें कळीचें विद्युत्-वाद्य आलें व तेंही काम आटलें.

2006 सालीं नरिमन पॉइंट येथील एन. सी. पी. ए. संस्थेनें सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वृंद उभा केला. मेहलींच्या प्रयत्नानंतर एकाहत्तर वर्षांनीं! त्याच्या हंगामांना पुष्कळसे वादक परदेशांतून बोलवावे लागत आले आहेत. संस्थेनें मुलांसाठीं शिक्षणवर्ग काढले, तें याचसाठीं.

तात्पर्य, वृंद टिकावयास तीन गोष्टी लागतात: लहानपणीं शिक्षण, नियमित वेतन आणि तिकीट काढून येणारा श्रोता. तबकडी कपाटांत शंभर वर्षें राहील; पण शेजारच्याचा श्वास ओळखून वाजविण्याची संवय एका पिढीनें सोडली कीं पुढच्या पिढीला ती तबकडीवरून शिकतां येत नाहीं. म्हणून घरीं अवश्य ऐका. परंतु मुंबईस गेलांत तर एक संध्याकाळ प्रत्यक्ष वृंदासाठीं राखा. आणि घरांतल्या पोरानें व्हायोलिन मागितलें, तर "त्याचा उपयोग काय?" असें विचारूं नका. त्या मागल्या बांकावरील मुलाला मीं त्या दिवशीं एवढेंच सांगावयास हवें होतें, कीं ऐकणारे जगवितात तोंवरच हीं माणसें वाजवितात.