दात दुखण्याआधीची पहिली भेट

काशीगावातील अनेक घरांत आई-वडील सकाळी रिक्षाने मीरारोड स्टेशन गाठतात आणि मुंबईतले काम उरकून रात्री परततात. मुलाची दाढ किडली आहे हे बहुतेकदा लक्षात येते तेही रात्रीच, कारण आडवे झाल्यावर ठणका वाढतो. सकाळी गाल सुजलेला असतो, मुलाची झोप झालेली नसते, पालक रजा टाकून आलेले असतात. अशा अवस्थेत ते मूल आयुष्यात पहिल्यांदा दातांच्या दवाखान्यातील खुर्चीवर बसते. समोर अनोळखी चेहरा, तोंडावर प्रखर दिवा आणि कानाजवळ घरघरणारे मशीन. मूल घाबरले तर त्यात नवल नाही.

या भीतीला हट्ट समजणे ही पहिली चूक. तीन-चार वर्षांच्या मुलाला दाब आणि वेदना यातला फरक सांगता येत नाही, उपचार कधी संपणार याचा अंदाज येत नाही आणि तोंड उघडे असल्याने बोलताही येत नाही. भीतीने अंग ताठ होते आणि एरवी जेवढे दुखले असते त्यापेक्षा जास्त दुखते. मग उपचार अर्धवट राहतो, कीड खोल जाते. जे काम सिमेंट भरून भागले असते, ते रूट कॅनालवर किंवा दात काढण्यावर येते. म्हणजे पुढची भेट खरोखरच जास्त त्रासाची ठरते.

‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ म्हणून थांबणे महागात पडते. दुधाचे दात एकूण 20 असतात. पुढचे सहा-सात वर्षांपासून पडू लागतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत लागतात. त्या लवकर काढाव्या लागल्या, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि कायमच्या दातांना जागा अपुरी पडते.

म्हणूनच पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत, किंवा उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्याची पहिली भेट घ्यावी, असे बालदंतचिकित्सेत सांगितले जाते. या भेटीत बाळ आईच्या मांडीवरच असते. दात पाहणे, ते पुसायचे कसे आणि रात्रीच्या दुधाच्या बाटलीचे काय करायचे हे समजावणे, इतकेच काम असते. अशा दोन-तीन बिनत्रासाच्या भेटी झालेल्या मुलाला पुढे एखादा उपचार थोडा दुखला, तरी त्याच्या मनात दवाखान्याची धास्ती सहसा बसत नाही.

उपचाराच्या वेळी वापरली जाणारी मूळ पद्धत साधी आहे. हॅरी अ‍ॅडलस्टन यांनी ती 1959 मध्ये मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. पाण्याचा फवारा म्हणजे ‘दाताचा शॉवर’ असे सांगायचे, तो मुलाच्या हातावर उडवून दाखवायचा आणि मगच तोंडात न्यायचा. जोडीला एक खूण ठरवायची. मुलाने डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार. मात्र हात वर झाल्यावर खरोखर थांबावे लागते, तरच मुलाचा विश्वास बसतो. पूर्वी रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धतही मान्य होती. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती 2006 मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली.

खुर्चीवर जे घडते त्याची निम्मी तयारी घरी होते. ‘जेवला नाहीस तर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोचायला लावीन’ हे वाक्य मूल विसरत नाही. ‘अजिबात दुखणार नाही’ असेही म्हणू नये. त्यातला ‘दुखणार’ हाच शब्द मुलाच्या मनात राहतो आणि थोडे जरी दुखले तरी आई खोटे बोलली असे त्याला वाटते. त्यापेक्षा ‘डॉक्टर दात मोजतील, साफ करतील, मी जवळच बसेन’ एवढे पुरे. आपल्या रूट कॅनालच्या कहाण्या मुलासमोर टाळाव्यात. शक्यतो सकाळची, मूल ताजेतवाने असतानाची वेळ घ्यावी. आत गेल्यावर बोलण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे. चारही बाजूंनी सूचना आल्या की मूल गोंधळते.

प्रत्येक किडीला सुई आणि मशीन लागतेच असेही नाही. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध छोट्या ब्रशने लावून कीड थोपवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, आणि दातात पू झाला असेल तर ते चालत नाही. काही दाढांवर स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीने, भूल न देता आणि दात न कोरता, स्टीलची कॅप बसवता येते. इंजेक्शन लागलेच, तर आधी हिरडीला बधिर करणारी जेल लावतात. घरी गेल्यावर दोन-तीन तास मूल बधिर ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

तरीही भीती आवरत नसेल तर नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर नायट्रस ऑक्साइड दिला जातो. मूल जागे असते, बोलते, फक्त सैलावते. वायू बंद करून काही मिनिटे ऑक्सिजन दिला की परिणाम ओसरतो. सर्दीने नाक चोंदले असेल तर मात्र तो उपयोगी पडत नाही. अगदी लहान वय, बरेच दात किडलेले असणे किंवा मूल विशेष गरजांचे असणे, अशा वेळी पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळे दात उपचारून घेता येतात. तिथे भूलतज्ज्ञ आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह आहे का, हे पालकांनी आधी विचारलेच पाहिजे.

मुंबई सेंट्रलजवळचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय येथे बालदंतचिकित्सेचे स्वतंत्र विभाग आहेत आणि खर्चही खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. पण चेहरा सुजला असेल, सोबत ताप असेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर सोयीच्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. घरातल्या धाकट्या भावंडाचे काही दुखत नसेल, तर त्यालाही सोबत न्यावे आणि त्याचेही दात मोजून घ्यावेत.