काही करत नाही तो!

सकाळी सहाला कुठल्याही टेकडीवर किंवा मैदानात गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘घाबरू नका हो, काही करत नाही तो.’ तोवर ‘तो’ पुढचे दोन्ही पाय आपल्या छातीवर ठेवून उभा असतो. कुत्रेवाल्यांची ही सकाळची सभा ऐकण्यासारखी असते. इथे माणसांना स्वतःचं नाव नसतं. ब्रूनोचे बाबा, सिंबाची आई, एवढी ओळख पुरते. घरात चोख मराठी बोलणारे लोक कुत्र्याशी मात्र ‘सिट’ आणि ‘नो’ याच भाषेत का बोलतात, हे एक कोडंच आहे. आणि चर्चा? लॅब्रेडॉर म्हणजे गरीब गाय. जर्मन शेफर्ड एकाच माणसाचा होऊन राहणार. बीगल हट्टी, पॉमेरियन भुंकून शेजाऱ्यांचा जीव नकोसा करणार, पग लोळत पडणार, कारवानी परक्याला अंगाला हात लावू देणार नाही. प्रत्येक जातीची कुंडली इथे तयार असते.

ही कुंडली किती खरी, हे तपासायला शास्त्रज्ञांनी शेवटी मालकांचंच तोंड उघडलं. अमेरिकेत एलिनॉर कार्लसन यांच्या गटाने ‘डार्विन्स आर्क’ नावाचा प्रकल्प चालवला. तुमचा कुत्रा पाहुण्यांकडे धावतो का, फेकलेला चेंडू आणून देतो का, विजा कडाडल्या की कुठे लपतो, असे शंभरावर प्रश्न. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांनी उत्तरं दिली आणि २,१५५ कुत्र्यांची जनुकं वाचली गेली. एप्रिल २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो. कुत्रा किती पटकन चिडतो, या बाबतीत तर जातीवरून जवळपास काहीच सांगता आलं नाही. नेमकी हीच गोष्ट आपण जात बघून ठरवत असतो, आणि त्यावरूनच रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

या अभ्यासाची खरी हुशारी मिश्र जातीच्या कुत्र्यांत होती. घरात लॅब आणला की तो प्रेमळ असणार असं आपण धरूनच चालतो, तसंच त्याला वागवतो, आणि प्रश्नावलीतही तेच लिहितो. पण ज्याच्या रक्तात लॅबचा अंश आहे हे दिसण्यावरून कळतच नाही, त्याच्या मालकाला असा पूर्वग्रह कुठून असणार? अशा कुत्र्यांत लॅबचा अंश वाढला म्हणून माणसांविषयीची ओढ वाढलेली दिसली नाही. बॉर्डर कॉलीचा अंश मात्र बोलला. तो जितका जास्त, तितका कुत्रा सांगितलेलं ऐकणारा. हेल काढून रडण्यात बीगल पुढे आणि लॅब सगळ्यांत मागे. तरीही लॅबच्या मालकांपैकी ८ टक्क्यांनी ‘आमचा कधीकधी रडतो’ असं कळवलं. फक्त एकाच जातीत आढळतं असं एकही वागणं सापडलं नाही.

याचा अर्थ स्वभाव रक्तातून येत नाही, असा कुणी लावला तर ते चूक. माणसांत मिसळण्याची आवड याच अभ्यासात बऱ्याच अंशी आनुवंशिक निघाली. म्हणजे ती आईबापांकडून पिल्लात उतरते, पण जातीच्या नावाला चिकटून राहत नाही. मिसळणारे आणि लाजरे, दोन्ही प्रकारचे कुत्रे प्रत्येक जातीत आहेत.

असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. आज आपण ज्यांना जाती म्हणतो, त्यांतल्या बहुतेक दोनशे वर्षांपेक्षा जुन्या नाहीत. १८५९मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते आणि जिंकणाऱ्याला बक्षीस बंदूक. १८७३मध्ये केनेल क्लब निघाला आणि वंशावळी कागदावर आल्या. परीक्षक बघायचे ते कान, शेपूट, केस, रंग. रूप बदलणं सोपंही होतं, कारण ते मोजक्या जनुकांच्या हातात असतं. कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांचे बहुतेक प्रकार तीन जनुकांच्या उलटसुलट जुळणीतून घडतात. डॅक्सहुंडाचे आखूड पाय एका जनुकाच्या जादा प्रतीमुळे. स्वभावामागे मात्र शेकडो जनुकांची कुजबुज असते, आणि त्यातला कुठलाही एक आवाज मोठा नसतो. प्रदर्शनाच्या मैदानात ती कुणाला ऐकू येणार?

मग बॉर्डर कॉली मेंढ्यांकडे जे टक लावून बघतो, ते कुठून आलं? मला या सगळ्या विषयातलं खरं नवल इथे वाटतं.

लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. सावज हेरायचं, नजर रोखायची, दबा धरून सरकायचं, पाठलाग करायचा, झडप घालून पकडायचं, ठार करायचं, फाडायचं, खायचं. एक कडी पुरी झाली की पुढची आपोआप सुरू होते. रेमंड कॉपिंजर हे मॅसॅच्युसेट्समधले जीवशास्त्रज्ञ; बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाड्या हाकण्याचाही त्यांना नाद. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी लॉर्ना यांनी दाखवून दिलं, की माणसाने कामाचे कुत्रे घडवताना या साखळीत नवीन काहीच घातलेलं नाही. कुठे एक कडी ताणली, कुठे दुसरी झिजवली, कुठे साखळी मध्येच तोडली.

बॉर्डर कॉलीत नजर, दबा आणि पाठलाग टिपेला नेले आणि चावा जवळजवळ पुसून टाकला. एखादा गवई मैफलभर फक्त आलापी करत राहिला, तसा हा कुत्रा. द्रुत कधी येतच नाही, आणि त्याला त्याची खंतही नाही. इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर नावाच्या माणसाकडे १८९३मध्ये ‘हेम्प’ नावाचा कुत्रा जन्मला. भुंकायचा नाही, चावायचा नाही, नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. आजचे जवळपास सगळे बॉर्डर कॉली त्याच्याच वंशातले मानले जातात. पॉइंटर सावज हेरून एक पाय उचललेला, तसाच थिजतो. पुढची कडी सुरूच होत नाही. त्याचं काही आठवड्यांचं पिल्लू काठीला बांधलेल्या पिसासमोरही तसंच थिजतं, कुणीही न शिकवता. रिट्रीव्हर पकडतो, पण दात रुतवत नाही. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी अख्खा आणून देतो. आता पक्षी नाहीत, म्हणून पाहुण्यांच्या चपला आणतो. टेरिअरमध्ये मात्र शेवटच्या कड्या शाबूत ठेवल्या, कारण त्याने उंदीर मारावेत हीच अपेक्षा होती. त्याला दिलेल्या खेळण्यातला कापूस संध्याकाळपर्यंत घरभर का होतो, याचं उत्तर यात आहे.

आपल्याकडचा कारवानी घ्या. मराठवाड्यात, सोलापूरकडे आणि सीमेपलीकडच्या मुधोळ भागात ही लांब पायांची, खोल छातीची कुत्री पिढ्यान् पिढ्या सशामागे सोडली गेली. त्याचं काम वासाचं नाही, नजरेचं. दूर काहीतरी हललं की तो निघाला. मागून मारलेली हाक त्या वेळी त्याच्या लेखी अस्तित्वात नसते. फ्लॅटमध्ये तो तासन् तास निवांत पडून राहतो, म्हणून मालक निर्धास्त होतो, आणि एके दिवशी मांजर दिसतं. पोस्टाने २००५मध्ये ‘मुधोळ हाउंड’ या नावाने त्याचं तिकीटही काढलं, आणि शहरांतही त्याची हौस आहे. हौसेच्या आधी जागा आहे का ते बघावं, एवढंच म्हणतो.

याच्या अगदी उलट धनगरांचा कुत्रा. लांडग्यांपासून कळप राखायचा, तर राखणदाराच्या अंगात शिकारीची साखळी जितकी निद्रिस्त तितकी बरी. पण इथे नुसतं रक्त पुरत नाही. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत पाच जातींच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९६५मध्ये ते पुस्तकात मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ‘आपलं कोण’ हे ठरवून टाकतं, असं त्यांना दिसलं. या दिवसांत माणूस पाहिलाच नाही, तर चांगल्या वंशाचं पिल्लूही माणसाला रानटी जनावरासारखं बिचकतं. राखणीची पिल्लं याच वयात मेंढ्यांत वाढतात. मग मेंढी ही शिकार आहे असं त्यांच्या मनातच येत नाही. ती घरची असते. आणि याच नाजूक आठवड्यांत विक्रीची कित्येक पिल्लं पिंजऱ्यात असतात, ही गोष्ट सकाळच्या सभेत फारशी निघत नाही.

त्या सभेतलं एक गाऱ्हाणं मात्र अक्षरशः खरं ठरलं आहे. लॅबवाले सांगत असतात, ‘आमच्याचं पोटच भरत नाही, आत्ता जेवला आणि आत्ता पुन्हा ताटाकडे बघतोय.’ केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांच्या गटाला २०१६मध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातून अक्षरांचा एक छोटा तुकडा गळलेला सापडला, साधारण दर चार लॅबपैकी एकात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचवण्यात या जनुकाचा वाटा असतो. गंमत पुढेच आहे. अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅबमध्ये हाच दोष सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांत निघाला. खाऊ देऊन शिकवायचं म्हटल्यावर सगळ्यांत मन लावून शिकणार तो भुकेलाच. प्रशिक्षक हुशारी, शांतपणा, निष्ठा अशा गुणांसाठी कुत्रे निवडत आले, आणि बहुधा नकळत भूकही निवडत गेले. तेव्हा ब्रूनोच्या बाबांनी त्या केविलवाण्या नजरेला बळी पडून दुसरी पोळी टाकू नये. त्याला खरंच भूक लागलेली असते, पण तो उपाशी नसतो.