आखाडातली गाबोळी

आषाढ संपायला चार दिवस उरले, की सामिष घरांत एकच घाई उडते. श्रावण लागायच्या आत जे काय खायचे ते खाऊन घ्यायचे! अशाच एका रविवारी मासेवाल्याने आमच्यासाठी रोहू चिरला, तर पोटातून गाबोळीची भरघोस जोडी निघाली. "हे देऊ का टाकू?" त्याने विचारले. मी 'टाका' म्हणणार, तेवढ्यात शेजारच्या बौदी पुढे सरसावल्या. "टाकायचं नाही हं वहिनी! आज ह्याची भाजी करू."

बौदी कोलकात्याच्या. नोकरीच्या निमित्ताने त्यांचे बिऱ्हाड कुंभारीत आले. मी त्यांना बौदी म्हणते, त्या मला वहिनी. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच!

त्या दिवशी त्यांनी केली ती गाबोळीची चच्चडी. आपली भोगीची भाजी असते ना, तिची ही बंगाली बहीण समजा. लाल भोपळा, वांगे, बटाटा, दोडका, मुळा अशा भाज्या, शिवाय कोवळे देठ आणि सालेसुद्धा. बंगालमध्ये विधवांना मासळी वर्ज्य असे. अशा बायकांनी साला-देठांतून चव काढायची कला वाढवली, असे सांगतात. तीच भाजी सधवेच्या घरी गेली, की तिच्यात माशाचे डोके नाहीतर गाबोळी पडे.

कृती अवघड नाही. पाव किलो गाबोळी पडदा न फाटेल अशी अलगद धुवावी, मीठ-हळद लावून दहा मिनिटे ठेवावी. बेताचे तुकडे करून तळावी. तळताना झाकण हाताशी असू द्या, कारण गाबोळी तेलात फटाफट उडते. भाज्या अर्धा किलो, बोटाएवढ्या लांब चिरलेल्या. कढईत मोहरीचे तेल धूर येईतो तापवून किंचित निववावे. त्यात पाँचफोडन, म्हणजे मेथी, जिरे, बडीशेप, कलौंजी आणि मोहरी समभाग, चमचाभर टाकावे. पुष्कळ बंगाली घरांत मोहरीच्या जागी रांधुनी नावाचे ओव्यासारखे बी असते. मग आधी बटाटा आणि मुळा, शेवटी वांगे. मोहरी मीठ व हिरवी मिरची घालून वाटली, तर कडवट होत नाही. ते वाटण दोन चमचे आणि पाण्याचा हबका घालून झाकण ठेवावे. भाज्या शिजत आल्या की गाबोळी कुस्करून घालावी आणि भाजी तळाला जराशी लागेपर्यंत कोरडी करावी. ती खरपूस चवच चच्चडीची खूण.

"आमचा मासा तुमच्या गावात कसा?" बौदींनी हसत विचारले. प्रश्न रास्त होता. रोहू मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यातला. उजनीसारख्या धरणांत तो आला तो माणसाने बीज सोडले म्हणून. साठलेल्या पाण्यात हा मासा सहसा अंडी घालत नाही, त्याला पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी बीज नदीच्या पुरातूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून अंडी घालून घेतली. तेव्हापासून हॅचरीत बीज तयार होऊ लागले आणि रोहू देशभर पोचला.

आणि उपरा तरी कोण नाही? २००६ साली कुंभारीत विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. त्यांतल्या कितीतरी जणींचे आजे-पणजे पोटासाठी तेलंगणातून सोलापूरला आलेले.

जेवताना मात्र एक प्रश्न मनात टोचत राहिला. एका रोहूच्या पोटात लाखांवर अंडी असतात. ती आपण खायची, मग पुढच्या वर्षी मासे कुठून यावेत? तळ्यात पाळलेल्या माशाचे ठीक आहे, त्याचे बीज दरसाल विकतच आणतात. पण पहिल्या पुरात नदीला उलटा चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. तो धरला, तर आपण बियाण्याचेच पोते फोडून खाल्ले. श्रावण पाळणाऱ्यांनी हा विचार केला होता की नाही कोण जाणे. पण त्यांच्या उपासाने त्या दिवसांत माशाला थोडी उसंत मिळते खरी.

तेव्हापासून मी मासेवाल्याला आधी विचारते, "तळ्यातला का नदीचा?" तळ्यातला असला तर गाबोळी टाकू देत नाही. नदीचा असला तर तो घेतच नाही, मोहरीचे वाटण घालून नुसत्या भाज्यांचीच चच्चडी करते. बौदी ती भाताशी खातात. आमच्याकडे ती ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर संपते.