झाडू आपल्या हातात, खुर्ची कोणाच्या ताब्यात?

कोणत्याही सरकारी दवाखान्यात शिरा. दारात वॉचमन, पुढे स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय, बाळंतिणींच्या वॉर्डात आया आणि रक्ताने भिजलेले बोळे पिवळ्या पिशवीत भरणारा सफाई कामगार. ही माणसे कोणत्या वस्तीतून आली, हे देहूरोड-निगडी-पिंपरीच्या माणसाला सांगावे लागत नाही. आता वरच्या मजल्यावर जा आणि केबिनच्या पाट्या वाचा. वैद्यकीय अधीक्षक, अधिसेविका, प्रशासन अधिकारी. खालच्या मजल्यावरची किती आडनावे तेथे दिसतात?

बाबासाहेब मोक्याच्या आणि माऱ्याच्या जागांविषयी बोलत असत. आपण तो शब्द कलेक्टर, तहसीलदार आणि फौजदार यांच्यापुरता धरून बसलो. दवाखान्यातील खुर्ची कोणी त्यात मोजलीच नाही. वास्तविक हातमोजे कोणत्या दर्जाचे घ्यायचे, सफाईचा ठेका कोणाला द्यायचा, रात्रपाळी कोणाच्या वाट्याला टाकायची, गरिबाचे बिल माफ करायचे की नाही, हे सारे त्या खुर्चीवर ठरते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याची अडारकर योजना त्यांच्याच खात्यात तयार झाली आणि पुढे १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात चाकण-भोसरीचा कामगार केसपेपर काढतो, त्याची मुळे तेथे आहेत. खुर्चीवर माणूस कोण बसतो याला महत्त्व असते ते असे.

देहूरोडला तर तीन दारे जवळ आहेत. घराशेजारी कॅन्टोन्मेंट बोर्डाचे रुग्णालय, पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि चिंचवडला ईएसआय. तिन्हींचे मालक वेगळे, भरतीचे नियम वेगळे. पण शिडी बरीचशी सारखी. आपली मुलगी दोन वर्षांचे एएनएम करते, घरची ओढाताण असल्याने तेथेच थांबते आणि नोकरीला लागते. जीएनएम केलेली अधिपरिचारिका होते. तिची पुढची पायरी परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर; मग सहायक अधिसेविका आणि शेवटी अधिसेविका, जिला आपण मेट्रन म्हणतो. नोकरी सांभाळून दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी केले तर वाट रुंद होते. मात्र रजा मंजूर कोण करणार? आणि एवढे चढूनही मेट्रन ही डॉक्टर अधीक्षकांच्या हाताखालीच राहते. परिचारिकांची स्वतंत्र संचालनालयाची मागणी जुनी आहे, ती उगाच नाही.

आशाताईंची गोष्ट याहून वाईट. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हे पद आले, तेच मुळी स्वयंसेविका म्हणून. वेतन नाही, मोबदला. पुढची पायरी गटप्रवर्तक, ती सुद्धा कायम नोकरी नव्हे. घराघरांत जाऊन गरोदर बाईचे वजन, क्षयरोग्याची गोळी, बाळाचा डोस सांभाळणाऱ्या बाईला वस्तीचे आरोग्य जेवढे कळते तेवढे फायलीला कळत नाही. तरी नियोजनाच्या बैठकीत तिला खुर्ची नसते.

शिडीची मधली पायरी मात्र आपोआप मोडलेली नाही. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने पदोन्नतीत आरक्षणाची तरतूद झाली. महाराष्ट्राने २००१ चा कायदा केला आणि २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतील आरक्षण लागू केले. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरविला. नंतर ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने मागासवर्गीयांसाठीची पदोन्नतीची ३३ टक्के पदेही सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. मोर्चे निघाले, निवेदने गेली. परंतु परिसेविकेच्या यादीत नाव अडकलेल्या आपल्या बहिणीचा विषय त्या मोर्चांत कितीसा आला? आमचे नेते क्लास वन अधिकाऱ्यांच्या बढतीवर जेवढे बोलले तेवढे सिस्टरच्या बढतीवर बोलले नाहीत, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे.

त्यात ठेकेदारी. ठेकेदाराच्या माणसाची ना सेवाज्येष्ठता यादी, ना बिंदुनामावली. बढतीचा प्रश्नच मिटला! ६ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारने खाजगी एजन्सींमार्फत पदे भरण्याचा निर्णय काढला होता, तो विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. पण दवाखान्यांतील सफाई आणि सुरक्षा त्याआधीच ठेक्यावर गेलेली होती.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथील सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, काळे व आशियाई कर्मचारी भरपूर, पण साहेबांच्या खोल्यांत गोरेच. २०१४ मध्ये त्यावर अहवाल आला आणि २०१५ पासून प्रत्येक संस्थेला कोणत्या वेतनश्रेणीत कोणत्या वंशाची किती माणसे आहेत याचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. त्याने भेदभाव संपला असे नाही. पण आकडा लपवता येत नाही.

आपल्याकडे आकडा मागण्याचे हत्यार २००५ पासून हातात आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. महापालिकेकडे, कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि ईएसआयकडे वेगवेगळे अर्ज करावेत. मागायचे एवढेच: वैद्यकीय विभागातील प्रत्येक संवर्गाची बिंदुनामावली, पदोन्नतीचा अनुशेष आणि ठेक्यावरील माणसांची पदनिहाय संख्या.

दुसरे काम घरातले. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असते, त्याला एमएसडब्ल्यू लागते आणि पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे. मात्र शिष्यवृत्तीधारक मुलांची फी-सवलत काढल्यावरून तेथे २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना संपावर जावे लागले, हे ठाऊक ठेवूनच अर्ज करावा. सार्वजनिक आरोग्याच्या परदेशी पदवीसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी येथे पुस्तकांचे, फोटोंचे स्टॉल लागतात. त्यांच्या शेजारी एक टेबल नोकरीतल्या सिस्टरांनी आणि निवृत्त मेट्रननी मांडावे, आणि नर्सिंगचे प्रवेश, रजेचे नियम, माहिती अधिकाराचे छापील अर्ज तेथे मिळावेत.