रात्रीची वीज, विहिरीचं पाणी

शेतातल्या स्टार्टरला जोडलेला ऑटो स्विच खेड्यात सगळ्यांच्या ओळखीचा. रात्री दोनला वीज आली की मोटर आपोआप सुरू होते; विंचूकाट्यातून विहिरीवर जावं लागत नाही. पण रान भिजल्यावर मोटर बंद करायलाही तिथे कोणी नसतं.

ऊर्जा आणि पर्यावरणाच्या अर्थशास्त्रातली पीएचडी अशा ठिकाणी सुरू होऊ शकते. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर येतं. तासभर पाणी ओढा की आठ तास, रक्कम तीच. जादा उपशाची किंमत बिलात दिसत नाही, ती शेजारच्या विहिरीत दिसते.

हे सिद्ध करणं मात्र फार अवघड. पाणी विजेमुळे खाली गेलं, पाऊस कमी पडला म्हणून, की ऊस वाढला म्हणून? त्यात बिनमीटरच्या पंपांचा वापर मुळातच अंदाजाने ठरवलेला. म्हणून तुलना शोधावी लागते. गुजरातेत २००३पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीला वीज नेणारे फीडर गावठाणाच्या फीडरपासून वेगळे झाले, तेही टप्प्याटप्प्याने. आधी बदललेल्या आणि मागे राहिलेल्या गावांच्या भूजलनोंदी शेजारी ठेवता येतात. विद्यार्थ्याची वर्षं जातात ती या नोंदी जुळवण्यात.

शेतकऱ्याला उधळ्या ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. दिवसा भरवशाची वीज मिळाली, तर ऑटो स्विच लावायचं मोठं कारणच उरत नाही. सौरपंपाने ती सोय होते आहे. पण उन्हाचं तर बिलच येत नाही, तेव्हा उपशाचा प्रश्न तिथेही नव्याने उभा राहतो.