मतदार तेच, सरपंच वेगळा

रिसर्च प्रपोजलमध्ये ‘लोकांचा कौल’ असं आपण सहज लिहितो. पण कौल मोजायची पद्धत बदलली की निकालही बदलू शकतो.

आमच्या निरगुडसरसारख्या गावात ग्रामपंचायत निवडणुकीला पक्षाचं चिन्ह नसतं. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये बंद झाली, २०२२ मध्ये परत आली. समजा, १,००० मतं पडली: अ ४००, ब ३५०, क २५०. ‘अ’ सरपंच झाला. पण ६०० जणांनी त्याला मत दिलेलंच नाही!

आता पदवीधर मतदारसंघाची पद्धत लावून बघा. विधान परिषदेच्या या निवडणुकीत मतदार आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनने १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितात. कोटा निम्म्याहून एक जास्त, म्हणजे इथे ५०१. तो कुणीच गाठला नाही, म्हणून शेवटचा ‘क’ बाद. त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती धरा: २०० ‘ब’ला, ५० ‘अ’ला. ‘ब’ ५५० मतांनी निवडून आला.

मग हीच पद्धत बरोबर? थांबा. दुसरी पसंती लिहिणं सक्तीचं नाही. ‘क’च्या १६० मतदारांनी नुसता १ लिहिला आणि उरलेल्यांपैकी ६० ‘ब’कडे, ३० ‘अ’कडे गेले, तर ‘अ’ ४३०, ‘ब’ ४१०. पुन्हा ‘अ’च पुढे.

तेव्हा मेथडॉलॉजीत आधी लिहा: काय मोजलं, कसं मोजलं, आणि कोणाची पसंती मोजायचीच राहिली. निष्कर्ष त्यानंतर.